मिरजेचा तंबोरा : निर्मिती, वादन आणि अध्यापन यांतून होणारे वाद्यजतन

प्रस्तावना

भारतीय अभिजात संगीतात तंबोरा अर्थात तानपुरा या वाद्याचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. त्यावर राग वाजविला जात नाही की ताल धरला जात नाही. तरीही त्याच्याशिवाय गायनाची बैठक पूर्ण होत नाही. गायकाला षड्जाचा अखंड आधार देणे एवढेच त्याचे कार्य. परंतु संपूर्ण रागविस्तार त्या आधारावरच उभा राहतो. या वाद्याच्या निर्मितीचे देशातील एक प्रमुख केंद्र म्हणजे सांगली जिल्ह्यातील मिरज हे शहर होय. आंबा घाटातून शाहूवाडी तालुक्यातील मलकापूरमार्गे कोल्हापूरकडे येणारा रस्ता पुढे मिरजेस जातो आणि तेथून पंढरपूर-मंगळवेढ्याच्या मुलखाकडे वळतो. ज्या भोपळ्यांपासून मिरजेचे तंबोरे घडतात ते भोपळे त्याच मुलखातून मिरजेत येतात. या अर्थाने दक्षिण महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या दृष्टीने हा विषय अगदी अंगणातला आहे.

पारंपरिक वाद्याचे जतन म्हटले की वस्तुसंग्रहालयातील काचेचे कपाट डोळ्यांसमोर येते. वास्तविक वाद्य ही केवळ वस्तू नव्हे. ते घडविणारा हात, वाजविणारे बोट आणि ऐकण्यास शिकविणारा गुरू यांच्या परस्परसंबंधातून ते जिवंत राहते. या तीन घटकांपैकी एकाचाही इतरांशी असलेला संबंध तुटला, तर वाद्य दिसण्यापुरते शिल्लक राहते, परंतु त्याचा नाद हरपतो. प्रस्तुत लेखात मिरजेच्या तंबोऱ्याच्या आधारे या संबंधाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा आणि त्याच्या रक्षणासाठी शिक्षणसंस्थांना काय करता येईल याचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

परंपरेचा उगम

मिरज हे पटवर्धन घराण्याच्या संस्थानाचे ठाणे. येथील शिकलगार समाज तलवारी, भाले इत्यादी शस्त्रे घडविण्याचे व त्यांना धार लावण्याचे काम करीत असे. इंग्रजी अंमल स्थिर झाल्यावर शस्त्रांची मागणी ओसरली आणि या कारागिरांना उपजीविकेचा अन्य मार्ग शोधणे भाग पडले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब व त्यांचे बंधू यांनी तंतुवाद्यांच्या निर्मितीस प्रारंभ केला, असे परंपरेने सांगितले जाते. उत्तरेकडून येणाऱ्या गवयांची वाद्ये प्रथम दुरुस्त करणे, त्यांची रचना समजून घेणे आणि नंतर स्वतः नवीन वाद्य घडविणे, असा हा प्रवास होता. पुढे 'सतारमेकर' हेच या कुटुंबांचे आडनाव झाले. शस्त्रासाठी कमावलेला हात वाद्याकडे वळला, ही घटना सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनीही लक्षात घ्यावी अशी आहे.

केवळ कारागीर असल्याने वाद्यकेंद्र उभे राहत नाही. त्यास जाणकार ग्राहक लागतो. मिरजेस तो लाभला. पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचे वास्तव्य काही काळ मिरजेत होते आणि त्यांच्याकडेच पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (1872-1931) यांचे शिक्षण झाले. पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन करून संगीतशिक्षणास संस्थात्मक रूप दिले. त्यांच्या निधनानंतर, 1931 मध्ये, त्यांच्या शिष्यांनी स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचाही मिरजेशी निकटचा संबंध राहिला.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (1872-1937) यांनीही मिरजेस आपले निवासस्थान केले. स्वराच्या सूक्ष्म सच्चेपणावर त्यांच्या गायकीचा भर होता. त्यामुळे तंबोऱ्याविषयी ते अत्यंत आग्रही असत. वाद्य जुळविणे व दुरुस्त करणे यांत ते स्वतः निष्णात होते. मिरजेच्या कारागिरांना असा गायक शेजारी लाभणे ही मोठी गोष्ट होती. वाद्य कोठे कमी पडते हे सांगणारा कान आणि ती उणीव दूर करणारा हात एकाच गावात नांदत होते. मिरजेतील मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव भरू लागला. त्यानिमित्ताने गायक-वादक मिरजेत येत आणि वाद्येही तपासून घेत.

वाद्याची घडण

तंबोऱ्याची निर्मिती शेतातून सुरू होते. त्यासाठी लागणारा भोपळा खाण्याचा नसतो. तो कडू, जाड सालीचा आणि आकाराने मोठा असतो. पंढरपूर-मंगळवेढा परिसरात भीमेच्या खोऱ्यात त्याचे पीक घेतले जाते. फळ वेलीवर पक्व झाल्यावर ते काही महिने वाळविले जाते. साल पातळ असेल तर नाद पोकळ येतो, आणि फळाचा आकार वेडावाकडा असेल तर दांडी सरळ बसत नाही. म्हणून कारागीर भोपळा हातात घेऊन, टिचकी मारून, त्याचा आवाज ऐकून निवड करतो. वाद्याची पहिली परीक्षा अशी कानानेच होते.

निवडलेला भोपळा कापून पाण्यात भिजविला जातो, आतील गर व बिया काढल्या जातात आणि ओला असतानाच त्याच्या तोंडाला काठ्यांचा ताण देऊन हवा तो घेर मिळविला जातो. तो पुन्हा वाळल्यावर त्यास लाकडी गळा जोडतात. गळा व भोपळा यांच्या सांध्यावर कोरलेली लाकडी पाने बसवितात. ही पाने शोभेची वाटली तरी सांधा बळकट करणे हे त्यांचे खरे काम होय. दांडी प्रामुख्याने तुणीच्या लाकडाची व आतून पोकळ असते. भोपळ्याच्या तोंडावर किंचित फुगीर अशी लाकडी तबली बसविली जाते. तिची जाडी कोठे किती ठेवावी हे मोजपट्टीपेक्षा बोटांनी ठरते. त्यानंतर खुंट्या, नक्षीकाम व लाखेचे पॉलिश ही कामे होतात. पूर्वी नक्षीसाठी हस्तिदंत व घोडीसाठी हस्तिदंत किंवा सांबरशिंग वापरीत. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यातील पुढील दुरुस्त्यांमुळे ही सामग्री योग्य रीतीने बंद झाली आणि कारागिरांनी हाड, शिसम, आबनूस व कृत्रिम पदार्थ यांचा अवलंब केला. परंपरा म्हणजे जुन्या सामग्रीला चिकटून राहणे नव्हे; सामग्री बदलूनही नाद टिकविणे हे या कारागिरांनी करून दाखविले आहे.

जवारी : तीन घटकांचा संगम

तंबोऱ्याचे सर्वस्व त्याच्या जवारीत आहे. तबलीवर ठेवलेल्या घोडीचा वरचा पृष्ठभाग रुंद असून त्याला अगदी सौम्य उतार दिलेला असतो. तार या पृष्ठभागाला एका बिंदूवर स्पर्श करीत नाही. कंप पावताना ती घोडीला सतत घासून जाते. तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकविला जातो. तो नेमक्या जागी आला की एरवी कोरडा वाटणारा आवाज एकाएकी भरून येतो आणि दीर्घकाळ गुंजत राहतो. हीच जवारी होय.

या घटनेकडे आधुनिक विज्ञानाचे लक्ष डॉ. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी वेधले. 1921 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात त्यांनी वीणा व तंबोरा यांच्या घोडीचे विवेचन केले. सामान्य नियमानुसार तार ज्या बिंदूवर छेडली जाते त्या ठिकाणी ज्या उपस्वरांचे निस्पंद बिंदू येतात, ते उपस्वर ध्वनीत उमटू नयेत. तंबोऱ्यात मात्र ते स्पष्टपणे ऐकू येतात. तारेचा घोडीच्या वक्र पृष्ठभागाशी होणारा सरकता स्पर्श हे त्याचे कारण होय. या स्पर्शामुळे तारेची ऊर्जा वरच्या उपस्वरांत सतत वाटली जाते. खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा 'स्वयंभू गंधार' हा तिचा पाचवा उपस्वर असतो. जो स्वर कोणत्याही तारेवर लावलेला नाही तो वाद्यातून आपोआप उमटतो, याचे रहस्य येथे आहे.

विज्ञानाने कारण सांगितले तरी जवारी लावण्याचे काम हातालाच करावे लागते. कारागीर घोडी बारीक कानशीने किंचित घासतो, तार चढवितो, छेडतो, ऐकतो, तार उतरवितो आणि पुन्हा घासतो. केसभर अधिक घासले गेले तर सर्व काम नव्याने करावे लागते. शिवाय एकच जवारी सर्वांना चालत नाही. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा तंबोरा आणि काळी चार किंवा पांढरी पाच या पट्टीत गाणाऱ्या गायिकेचा तंबोरा यांचा आकार, तारा व जवारी भिन्न असतात. कोणास खुली जवारी हवी असते, तर कोणास बंद. वाद्य वापरात आल्यावर तारांच्या घर्षणाने घोडीवर चऱ्या पडतात आणि जवारी पुन्हा काढून घ्यावी लागते. म्हणजे तंबोरा विकल्यावर कारागीर व गायक यांचा संबंध संपत नाही. तो तेथून सुरू होतो. गायक समोर बसून 'अजून थोडी मोकळी हवी' असे म्हणतो आणि कारागीर त्या शब्दाचे घोडीच्या उतारात रूपांतर करतो. पिढ्यान्‌पिढ्या या संवादातूनच कारागिराचा कान घडला आहे.

वादन व अध्यापन

तंबोऱ्याच्या चार तारा सामान्यतः पंचम, षड्जाची जोड व खर्ज अशा लावतात. रागात पंचम वर्ज्य असेल तर पहिली तार मध्यमात किंवा निषादात लावली जाते. पहिली तार मधल्या बोटाने आणि उरलेल्या तीन तर्जनीने छेडतात. हे वादन सोपे वाटते, परंतु प्रत्येक तारेचा नाद पुढील तारेच्या नादात विलीन होईल अशी समान गती व समान दाब राखणे हे साधनेचेच काम आहे. त्याहून कठीण म्हणजे वाद्य जुळविणे. खुंटीने तार जवळ आणायची, मण्याने बारीक फरक काढायचा आणि दोन जोड तारा एकरूप झाल्या की नाही हे ओळखायचे, यात विद्यार्थ्याच्या कानाचे खरे शिक्षण होते.

गुरुशिष्यपरंपरेत तंबोऱ्याचे आणखी एक कार्य होते. मैफलीत गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसणे हा शिष्याच्या शिक्षणाचाच भाग असे. तेथे बसून तो रागाची बढत, श्रोत्यांचा कल, गुरूची विश्रांतिस्थाने हे सर्व जवळून पाहत असे. मध्येच गुरूने खूण केली तर स्वर लावण्याची संधीही त्यास मिळे. कित्येक गायकांची व्यासपीठाशी पहिली ओळख या जागेवरूनच झाली आहे. तंबोरा हे अशा प्रकारे वाद्य होते तसेच ते एक वर्गही होता.

अन्य काही उदाहरणे

ही प्रक्रिया समजण्यासाठी इतर वाद्यांशी तुलना उपयुक्त ठरेल. पश्चिम प्रशांत महासागरातील गुआम बेटावर चामोरो लोकांचे 'बेलेम्बाओतुयान' नावाचे वाद्य आहे. लांब काठी, तिला ताणून बांधलेली एक तार आणि पोटाशी धरलेला अर्धा भोपळा एवढीच त्याची रचना. भोपळा व तार यांच्या संयोगाने नाद निर्माण करण्याचे तत्त्व तंबोऱ्याशी मिळतेजुळते आहे. विसाव्या शतकात हे वाद्य लोप पावण्याच्या मार्गावर असता येसूस मेनो क्रिसोस्तोमो यांच्यासारख्या वृद्ध जाणकारांनी ते वाजविले आणि इतरांस शिकविले. त्याच्याशी साम्य असलेले ब्राझीलमधील 'बेरिम्बाव' मात्र सुस्थितीत आहे, कारण कापोएरा या युद्धनृत्याच्या शिक्षणात ते अनिवार्य आहे. शिकणारा विद्यार्थी वाद्य हातात घेतोच. त्यामुळे घडविणाऱ्यास काम मिळते.

महाराष्ट्रातच पाहावयाचे तर पालघर जिल्ह्यातील तारपा हेही भोपळ्याचेच वाद्य. वाळविलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण व ताडाचे पान यांपासून वादक बहुधा ते स्वतःच तयार करतो. जव्हार तालुक्यातील तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या एकत्रित विद्येचाच सन्मान झाला.

या उदाहरणांतून एक भेद स्पष्ट होतो. तारप्याच्या व बेलेम्बाओतुयानच्या बाबतीत घडविणारा, वाजविणारा व शिकविणारा बहुधा एकच असतो. तो गेला तर सर्वच जाते, हा त्यातील धोका. परंतु तो आहे तोवर विद्या अखंड राहते. मिरजेत या तीन भूमिका तीन वेगळ्या माणसांकडे आहेत. येथे माणसे अधिक आहेत, पण साखळीचे दुवेही अधिक आहेत. कारागीर मैफल करीत नाही, गायक भोपळा कोरत नाही आणि शिक्षक तयार वाद्य विकत घेतो. म्हणून येथे माणसांइतकेच त्यांच्यातील दुवे जपावे लागतात.

आजची आव्हाने

1970 च्या दशकाच्या अखेरीस बंगळूर येथे इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार झाला आणि पुढील काळात तो सर्वत्र पोहोचला. त्यानंतर भ्रमणध्वनीवरील तानपुऱ्याने ती जागाही घेतली. या साधनांचे लाभ नाकारता येणार नाहीत. ती स्वस्त आहेत, प्रवासात सोयीची आहेत, हवेतील दमटपणाने बेसूर होत नाहीत आणि ज्या विद्यार्थ्याजवळ तंबोरा घेण्याची ऐपत नाही त्यासही आधारस्वर मिळवून देतात. तथापि त्यांचा परिणाम केवळ विक्रीवर झाला असे समजणे अपुरे ठरेल. कळ दाबताच जुळलेला स्वर मिळू लागल्यावर वाद्य जुळविण्याचा अभ्यास मागे पडतो. गुरूच्या मागची शिष्याची बैठक कमी होते. आणि ज्यास जवारीतील भेद कधी ऐकूच आला नाही तो कारागिराकडे जवारी काढण्यास जात नाही. परिणामी कारागिराच्या कानाला मिळणारे शिक्षणही थांबते. एका बाजूचे अज्ञान दुसऱ्या बाजूच्या विद्येस क्षीण करते, ही येथील खरी चिंता आहे.

निर्मितीच्या बाजूनेही अडचणी आहेत. जातिवंत भोपळ्याचे पीक शेतकऱ्याने घेणे हे पाऊस, नदीचा पूर व अन्य नगदी पिकांचे आकर्षण यांवर अवलंबून असते. चांगले लाकूड महाग झाले आहे. एक तंबोरा तयार होण्यास लागणारा काळ आणि मिळणारा मोबदला यांचे प्रमाण तरुण पिढीस समाधानकारक वाटत नाही. शिक्षण घेतलेला मुलगा नोकरीकडे वळला तर त्यास दोष देता येणार नाही. जवारीचे काम शिकण्यास अनेक वर्षे लागतात आणि त्या काळात उमेदवाराच्या उदरनिर्वाहाची कोणतीही सोय नसते.

भौगोलिक मानांकन : लाभ व मर्यादा

2024 मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन प्राप्त झाले, ही स्वागतार्ह घटना आहे. 1999 च्या कायद्यानुसार मिळणाऱ्या या नोंदणीमुळे अन्यत्र तयार झालेले वाद्य 'मिरजेचे' म्हणून विकण्यास प्रतिबंध होतो आणि अधिकृत उत्पादकास आपली ओळख सांगता येते. परंतु हा कायदा नावाचे रक्षण करतो. हाताचे व कानाचे रक्षण करणे त्याच्या आवाक्यात नाही. कोल्हापुरी चपलेस 2019 मध्ये मानांकन मिळाले असूनही 2025 मध्ये एका इटालियन कंपनीने तिच्याशी साम्य असलेली पादत्राणे मिलान येथे सादर केली आणि कारागिरांच्या श्रेयाचा प्रश्न नव्याने उपस्थित झाला. मानांकनाचा लाभ जवारी शिकणाऱ्या उमेदवारापर्यंत पोहोचला तरच तो सार्थकी लागेल.

महाविद्यालयांची भूमिका

वाद्यजतन हे केवळ संगीत विभागाचे काम आहे, अशी समजूत आढळते. ती सोडून दिल्यास महाविद्यालयास पुष्कळ काही करता येईल. पदार्थविज्ञान विभागास जवारीच्या ध्वनीचे विश्लेषण हा अल्प खर्चाचा व अस्सल प्रकल्प होऊ शकतो. दोरा आहे व दोरा नाही अशा दोन अवस्थांतील उपस्वरांची तुलना पदवी स्तरावरील विद्यार्थीही करू शकतील. वनस्पतिशास्त्र विभागास भोपळ्याच्या बियाणांची शुद्धता व सालीची जाडी हा अभ्यासविषय आहे. वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांनी कारागिरांच्या उत्पादनखर्चाचा अभ्यास करावा. मराठी विभागाने या व्यवसायातील शब्दसंपत्ती संकलित करावी. जवारीचे, लाकडाचे, नादाचे शब्द कारागिरांच्या बोलण्यात आहेत, कोशात मात्र थोडेच आढळतात. बोलणारे गेले की शब्दही जातील.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये स्थानिक कलावंत व कारागीर यांना शिक्षणसंस्थांशी जोडण्यावर भर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2023 मध्ये निवासी कलावंत-कारागिरांविषयी मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. त्यांचा आधार घेऊन मिरजेच्या कारागिरास वर्षातून काही दिवस महाविद्यालयात सन्मानाने व मानधन देऊन पाचारण करता येईल. त्याने विद्यार्थ्यांसमोर जवारी काढावी आणि विद्यार्थ्यांनी ती होत असताना ऐकावी. सर्वांत साधी गोष्ट म्हणजे प्रत्येक महाविद्यालयाने किमान एक खरा तंबोरा ठेवावा, तो कपाटात बंद न ठेवता प्रार्थनेस व स्नेहसंमेलनास वापरावा आणि त्याची जवारी दरवर्षी काढून घ्यावी.

निष्कर्ष

1) तंबोऱ्याचे जतन हे निर्मिती, वादन व अध्यापन या तीन घटकांच्या परस्परसंबंधाचे जतन आहे. जवारी हा त्या तिन्हींचा संगमबिंदू होय.

2) मिरजेची परंपरा कारागिरांच्या कौशल्याइतकीच जाणकार गायकांच्या सहवासातून घडली. तो सहवास थांबल्यास कौशल्य टिकणे कठीण आहे.

3) इलेक्ट्रॉनिक साधने हा पूरक पर्याय म्हणून उपयुक्त आहेत, मात्र वाद्य जुळविण्याच्या शिक्षणास ती पर्याय ठरू शकत नाहीत.

4) भौगोलिक मानांकन आवश्यक आहे, परंतु पुरेसे नाही. जवारी शिकणाऱ्या उमेदवारास विद्यावेतन मिळण्याची व्यवस्था त्याच्या जोडीस हवी.

5) महाविद्यालयांनी विविध विभागांच्या सहभागातून या वाद्याचा अभ्यास, नोंद व प्रत्यक्ष वापर करावा.

तलवारीस धार लावणाऱ्या हातांनी एकेकाळी कानशी घोडीकडे वळविली, कारण समोर ऐकणारा गायक बसला होता. आज कानशी आहे आणि हातही आहेत. समोर बसून ऐकणारा विद्यार्थी घडविणे हे शिक्षकांचे काम आहे.